ठिबकणारा नळ: गळती कुठून आणि का

नळाची चावी घट्ट फिरवूनही थेंब थांबत नाही, तेव्हा बहुतेक घरांमध्ये एकच उपाय केला जातो: चावी आणखी घट्ट आवळली जाते. काही दिवस त्याने थेंब थांबतोही; मग तो पुन्हा सुरू होतो आणि नळ बंद करायला आधीपेक्षा जास्त जोर लागू लागतो. दुरुस्ती कशी करायची ते आपण पाहणारच आहोत, पण हा जोर नळाच्या आत नेमका कशावर पडतो ते आधी पाहणे आवश्यक आहे, कारण अनेक नळ गळतीने खराब होत नाहीत इतके या आवळण्याने खराब होतात.

किती पाणी जाते? दर सेकंदाला एक थेंब पडत असेल तर दिवसाला ८६,४०० थेंब होतात. थेंबाचा आकार तोटीच्या तोंडावर अवलंबून असतो. साधारण ४,००० थेंबांचा एक लिटर धरला, तर दिवसाला २१ लिटरांहून अधिक पाणी वाहून जाते आणि थेंब बारीक असतील तर त्याहून कमी. आपल्या नळाचा हिशेब मात्र अंदाजाने करण्याची गरज नाही. तोटीखाली मापाचे भांडे तासभर ठेवावे आणि साठलेल्या पाण्याला २४ ने गुणावे.

आता उभा कापलेला नळ डोळ्यांसमोर आणा. मधोमध जी पितळी दांडी आहे, ती स्पिंडल. चावी फिरवली की तिच्यावरील आट्यांमुळे ती खाली किंवा वर सरकते. तिच्या टोकाला रबराची गोल चकती आहे, जिला सगळे वायसर किंवा वॉशर म्हणतात. चकतीच्या बरोबर खाली पितळेचे गोल तोंड दिसते. पाणी त्यातून वर येते. ही बैठक, म्हणजेच सीट. नळ बंद करणे म्हणजे रबराची चकती या बैठकीवर दाबून बसवणे, एवढेच. आट्याने चकती खाली दाबणाऱ्या या रचनेचे पेटंट इंग्लंडमधील रॉदरहॅम येथील गेस्ट अँड क्राइम्स या कारखान्याने १८४५ साली घेतले आणि आजही असंख्य घरांतील नळ याच तत्त्वावर चालतात.

आता जुन्या नळातून काढलेली चकती डोळ्यांसमोर आणा. तिच्यावर बैठकीच्या काठाचे गोल वळ उमटलेले आहे. रबर वर्षानुवर्षे एकाच जागी दाबले गेल्याने ते तिथे कडक झाले आहे आणि कडेला त्याला बारीक भेगा पडल्या आहेत. असे रबर काठाशी जुळवून घेत नाही, त्यामुळे एखाद्या ठिकाणी केसाएवढी फट उरते. आपण चावी आवळतो, तेव्हा ते वळ अधिक खोल होते आणि फट तात्पुरती मिटते. पण ती पुन्हा उघडली की तिच्यातून दाबाने निसटणारे पाणी आणि त्यातील बारीक कण बैठकीचा पितळी काठ झिजवत राहतात. चकती बदलणे सोपे असते. बैठक मात्र नळाच्या अंगातच असते, ती तशी सहज बदलता येत नाही. म्हणून थेंब दिसल्यावर महिनोन्‌महिने आवळत बसण्यापेक्षा पहिल्याच आठवड्यात नळ उघडावा, असे आम्ही आग्रहाने सांगतो.

मात्र पान्हा हातात घेण्यापूर्वी नळ कोरड्या कापडाने पुसून पाणी कुठून येते ते शांतपणे पाहावे. नळ बंद असताना तोटीतून थेंब येत असेल, तर दोष चकतीत किंवा बैठकीत आहे. नळ सुरू असतानाच चावीच्या खालून पाणी झिरपते आणि बंद केल्यावर थांबते, तर चकती निर्दोष आहे. दोष स्पिंडलभोवती पाणी अडवण्यासाठी केलेल्या भरणात आहे, कारण नळ बंद असताना पाण्याचा दाब बैठकीच्या खालीच अडतो आणि वर पोहोचतच नाही. भिंतीजवळ ओल दिसत असेल, तर बहुधा नळ आणि पाइप यांच्या जोडावरची टेप निकामी झाली आहे. लांब वाकड्या तोटीत किंवा शॉवरमध्ये नळ बंद केल्यावरही आत अडकलेले पाणी काही वेळ ठिबकते. ती गळती नव्हे, तेव्हा थोडा वेळ थांबूनच निष्कर्ष काढावा.

काम सुरू करताना मुख्य कॉक बंद करावा, नळ उघडून पाइपमधील पाणी जाऊ द्यावे आणि खाली सिंक असेल तर त्याच्या जाळीवर कापड पसरावे. चावीचा स्क्रू फार लहान असतो. चावीवरील रंगीत टोपी पातळ पात्याने उचकटली की हा स्क्रू दिसतो. चावी काढल्यावर त्याखाली मोठा षटकोनी नट येतो. हा नट सोडवण्यापूर्वी स्पिंडल थोडा उघडा करून ठेवावा, म्हणजे चकती बैठकीवर घासली जात नाही.

याच टप्प्यावर सर्वांत मोठे नुकसान होऊ शकते. पान्ह्याने नट फिरवताना संपूर्ण नळच फिरू लागतो आणि त्याच्यासोबत भिंतीतील पाइपला पीळ बसतो. त्यामुळे एका हाताने पान्हा फिरवताना दुसऱ्या हाताने, किंवा कापड गुंडाळलेल्या दुसऱ्या पान्ह्याने, नळाचे अंग घट्ट धरून ठेवावे. नट क्षारांमुळे जाम झाला असेल, तर व्हिनेगरमध्ये भिजवलेले कापड थोडा वेळ त्याभोवती गुंडाळून ठेवावे आणि मगच फिरवावा. एवढे करूनही भिंतीतील पाइप हलत असेल, किंवा मुख्य कॉकच पूर्ण बंद होत नसेल, तर तिथेच थांबून प्लंबरला बोलवावे.

स्पिंडलचा संच बाहेर आला की टोकाला चकती दिसते. काही नळांत ती लहान नटाने धरलेली असते, काहींत ती एका सुट्या दांडीवर बसवलेली असते आणि ही दांडी नळातच राहते. नवी चकती आणताना जुनी सोबत न्यावी, कारण बाहेरचा व्यास, मधले भोक आणि जाडी या तिन्ही गोष्टी जुळाव्या लागतात. नवी चकती मिळेपर्यंत जुनीच उलटी करून बसवता येते. तिची मागची बाजू सपाट असते आणि काही दिवस तिच्यावर भागते. बसवण्यापूर्वी टॉर्चच्या उजेडात बैठक पाहावी आणि करंगळीचे टोक तिच्या काठावरून हळूच फिरवावे. काठ गुळगुळीत लागला तर काम संपलेच म्हणायचे. खाच जाणवली तर सीट कटर नावाचे हाताने फिरवायचे अवजार आट्यांत बसवून काठ हलकेच समतल करावा लागतो. दोन-तीन फेरे पुरतात, जास्त घासले तर पितळच संपते.

चावीखालून झिरपणाऱ्या नळाला याहून कमी कष्ट लागतात. जुन्या नळांत स्पिंडलभोवती दोरा भरलेला असतो आणि त्यावर एक लहान नट असतो. तो पाव फेरा आवळला की बहुतेक वेळा पाणी थांबते. न थांबल्यास जुना दोरा काढून नवा भरावा. पुढच्या काळातील नळांत दोऱ्याच्या जागी ओ-रिंग, म्हणजे रबराची गोल कडी, आली. मूळचे डेन्मार्कचे नील्स क्रिस्टेनसेन यांना तिचे अमेरिकी पेटंट १९३९ साली मिळाले. ओ-रिंग बदलताना तिला सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर द्यावा. खनिज तेलाचे ग्रीस काही प्रकारच्या रबराला फुगवते.

पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नळांत ही रबरी चकती नसते. तिथे कार्ट्रिज नावाच्या सुट्या संचात सिरॅमिकच्या दोन तबकड्या एकमेकींवर सरकतात. त्यांची भोके समोरासमोर आली की पाणी वाहते. तबकड्या इतक्या सपाट घासलेल्या असतात की पाणी अडवायला त्यांच्यामध्ये रबर लागत नाही, पण वाळूचा एखादा कण आत गेला की त्यांच्यावर ओरखडा उठतो आणि मग संपूर्ण कार्ट्रिज बदलावे लागते. त्याआधी कार्ट्रिजच्या तळाशी असलेली रबरी कडी मात्र अवश्य तपासावी. पुष्कळदा तीच आकसलेली असते. नवे कार्ट्रिज घेताना दांडीवरील दात मोजावेत आणि ते कोणत्या बाजूला उघडते तेही पाहावे, कारण गरम आणि थंड पाण्याची कार्ट्रिजे अनेक नळांत एकमेकांच्या उलट दिशेने फिरतात.

भिंतीजवळच्या गळतीसाठी नळ पूर्ण काढावा लागतो. आट्यांवरील जुनी टेप ब्रशने साफ करावी, आट्यांचे तोंड आपल्याकडे धरावे आणि नवी टेफ्लॉन टेप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ताणून गुंडाळावी, म्हणजे नळ फिरवताना ती सुटण्याऐवजी अधिक आवळली जाते. नळ बसवताना तोटी सरळ यायची जागा ओलांडली, तर तो उलटा फिरवू नये. तसे केल्यास टेपचा थर मोडतो. नळ काढून टेप नव्याने गुंडाळणेच योग्य.

सर्व भाग जागेवर बसल्यावर नळ अर्धा उघडा ठेवून मुख्य कॉक सावकाश सुरू करावा, म्हणजे पाइपमधील हवा धक्का न देता निघून जाते. मग नळ दोन बोटांच्या जोराने बंद करून तोटीखाली कोरडा कागद रात्रभर ठेवावा. सकाळी कागद कोरडा असेल तर घरातील सर्वांना हेही सांगून ठेवावे की आता नळ आवळायचा नाही, पाणी थांबले की हात काढायचा. आणि नवी चकती बसवूनही काही दिवसांतच थेंब परत आला, तर दुसरी चकती आणण्यात वेळ घालवू नये. दोष बहुधा बैठकीच्या काठात असतो, आणि तो सीट कटर फिरवून घालवावा लागतो.