शासन म्हणजे अपॉस्ट्रॉफी के के एल यू

नमस्कार मंडळी. आधीच सांगून ठेवतो, माझा लॅपटॉप मध्येमध्ये बोलणार आहे, त्याला कुणी गप्प करू नका, आजचं निम्मं व्याख्यान त्याचंच आहे. मी जन्मापासून अंध, गेली बरीच वर्षं अंध मुलामुलींना कॉम्प्युटर शिकवतो. आणि तुम्ही सगळे आपापल्या ऑफिसच्या वेबसाईटवर माहिती चढवणारे. म्हणजे आपली गाठ रोजच पडते, फक्त समोरासमोर आज आलो.

हा जो बोलतोय तो स्क्रीन रीडर. नाव एनव्हीडीए, फुकट मिळतो. २००६ मध्ये मायकल करन नावाच्या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने तो लिहायला घेतला, पुढे जेम्स तेह हा दुसरा अंध मित्र त्याला येऊन मिळाला. एक गोष्ट नीट लक्षात घ्या, बाकीचं सगळं त्यावरच आहे: हा स्क्रीनवरचं चित्र बघत नाही, त्याच्या आत लिहिलेला मजकूर वाचतो. आत मजकूरच नसेल तर हा काय बोलणार कप्पाळ.

आता ही पहिली फाईल. एका ऑफिसच्या साईटवरून उतरवलेली, नाव सांगत नाही, उगाच कुणाला तरी नोटीस जायची. ऐका. ‘एम्प्टी पेज.’ दुसरं पान, ‘एम्प्टी पेज.’ तुम्हाला समोर चांगलं पाचपानी परिपत्रक दिसतंय, हो ना? शिक्का, सही, सगळं. माझ्यासाठी पाच कोरी पानं. ते परिपत्रक दिव्यांगांच्या सवलतीचंच आहे बरं का, हे मला बायकोने वाचून दाखवल्यावर कळलं.

हे कसं होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. मंत्रालयातून जीआर येतो, त्याच्या शेवटी ते नेहमीचं वाक्य असतं, ‘हा आदेश डिजिटल स्वाक्षरीने साक्षांकित करून काढण्यात येत आहे’, फाईलमध्ये मजकूर असतो, एखादी वेलांटी इकडची तिकडे होते पण वाचता येतं. मग तो खालच्या ऑफिसात येतो, तिथे त्याची प्रिंट निघते, आवकचा शिक्का बसतो, साहेबांची निळ्या पेनाने सही होते, तो स्कॅनरवर थोडा तिरका ठेवला जातो, आणि ते चित्र साईटवर चढतं. डिजिटल आलेला कागद आपण मेहनत घेऊन मुका करतो. मेहनत घेऊन, हे मुद्दाम म्हणतोय, कारण काहीच न करता मूळ फाईल जशीच्या तशी चढवली असती तर काम कमी झालं असतं.

दुसरी फाईल. ही स्कॅन नाहीये, टाईप केलेली आहे, म्हणून मी खूश होऊन उघडली. ‘अपॉस्ट्रॉफी के के एल यू.’ हसा हसा. हे काय आहे सांगू? हे आहे ‘शासन’. कृतिदेव फॉन्टमध्ये टाईप केलेलं शासन. तो फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांवर मराठीचा मुखवटा, एलवर स चढवलाय, यूवर न चढवलाय, डोळ्याला शासन दिसतं आणि आत के के एल यूच राहतं. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टचंही तेच. युनिकोड, म्हणजे मराठी अक्षर आतही मराठीच राहतं ती पद्धत, येऊन जमाना झाला तरी काही टेबलांवर अजून हेच चालतं, कारण टायपिंगची परीक्षा त्या कीबोर्डवर दिलेली आणि बोटांना तीच सवय. बोटांची सवय मला कळते हो, मीही आयुष्यभर बोटांवरच जगलोय. पण रेमिंग्टन टाईपरायटरची तीच मांडणी युनिकोडमध्येही मिळते, बोटं बदलायची गरज नाही, फक्त आतलं अक्षर बदलतं. आणि हे एकट्या अंधांसाठी नाही, कृतिदेवमधली फाईल गूगललासुद्धा सापडत नाही, कारण ‘शासन’ म्हणून शोधलं तर त्या फाईलमध्ये शासन कुठे आहे?

फॉर्मचं तर विचारूच नका. टॅब दाबत जातो आणि हा म्हणतो ‘एडिट, ब्लँक. एडिट, ब्लँक. एडिट, ब्लँक.’ रकान्याशेजारी ‘आईचे नाव’ लिहिलेलं असतं, पण ते नुसतं शेजारी ठेवलेलं, कोडमध्ये त्या रकान्याला बांधलेलं नाही, त्यामुळे मी आईच्या जागी पिनकोड टाकून मोकळा. जन्मतारखेला कॅलेंडर उघडतं, टाईप करू देत नाही, मागचा महिना मागचा महिना करत जायचं. माझा जन्म १९७४ चा, म्हणजे सहाशे वेळा. तेवढ्यात सेशन एक्स्पायर. परत पहिल्यापासून. मग कॅप्चा! वाकडीतिकडी अक्षरं, आवाजाची सोय नाही, शेजारच्या मुलीला हाक मारायची, ती बिचारी अभ्यास सोडून येते, ‘काका, हा एक्स कॅपिटल आहे की स्मॉल तेच कळत नाहीये.’ डोळे असलेल्या माणसालाही कळत नाही ते मला विचारणारं हे यंत्र. आणि ती नसली की सायबर कॅफे, तिथल्या पोऱ्याला माझा आधार नंबर, पासवर्ड, खात्यात किती आहेत, सगळं पाठ आहे. चांगला मुलगा आहे तो, पण हे त्याला माहीत असायचं काही कारण नाही ना.

आता तुमच्यातलं कुणीतरी मनात म्हणत असेल की आमच्या साईटवर तर वरती ए मायनस, ए, ए प्लस अशी बटणं आहेत. आहेत. पण अक्षर मोठं करायला कंट्रोल आणि प्लस ब्राउझरमध्ये आधीपासून आहे. आणि बऱ्याच सरकारी साईटवर ‘स्क्रीन रीडर अ‍ॅक्सेस’ नावाचं एक पान असतं, माझं फार लाडकं पान आहे ते, त्यात स्क्रीन रीडर कुठून डाउनलोड करायचा याची यादी असते. अहो, मी ते पान वाचतोय म्हणजे तो माझ्याकडे असणारच की! घरात आलेल्या माणसाला दाराचा पत्ता सांगण्यासारखं आहे ते. एकदा एका साईटच्या तळाला दर्जाच्या प्रमाणपत्राचा लोगो होता, त्या लोगोलाच ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे चित्राचं शब्दांतलं वर्णन, नव्हतं. हा नुसता ‘ग्राफिक’ म्हणून पुढे गेला.

कायदा थोडक्यात सांगतो. सरकारी वेबसाईटची मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत, तिसरी आवृत्ती २०२३ ची. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, त्याचं ४२ वं कलम याच विषयाचं. पण अंमलाचे नियम सल्ल्यासारखे होते, जमलं तर करा. राजीव रतुरी प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने त्यातला नियम १५(१) कायद्याशी विसंगत ठरवला आणि सक्तीचे नियम करायला तीन महिने दिले. मग ३० एप्रिल २०२५ चा निकाल आला, मला तो जास्त जवळचा वाटतो. प्रज्ञा प्रसून यांच्यावर अ‍ॅसिड हल्ला झालेला, बँकेत खातं उघडायला गेल्या तर केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करा म्हणाले, आणि ती त्यांना शक्यच नव्हती. माणूस समोर जिवंत उभा, आणि यंत्राला पुरावा पाहिजे. त्यांच्याबरोबर अमर जैन या अंध वकिलांचीही याचिका होती. कोर्टाने वीस निर्देश दिले, आणि डिजिटल सेवा वापरता येणं हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं सांगितलं.

खर्च फार येतो म्हणाल तर हे कारण जुनं आहे. सिडनी ऑलिंपिकच्या आयोजकांनीही तेच दिलं होतं, ब्रूस मॅग्वायर या अंध माणसाने वेबसाईट वाचता येत नाही म्हणून तक्रार केली तेव्हा. २००० साली त्यांना वीस हजार ऑस्ट्रेलियन डॉलरची भरपाई द्यावी लागली.

कोड बदलणं, कॅप्चा बदलणं तुमच्या हातात नाही, ते व्हेंडरचं काम, ते मान्य. तुमच्या हातात वर्डची फाईल आहे. मथळा बोल्ड करून मोठा करू नका, हेडिंग स्टाईल द्या, म्हणजे मी एच दाबला की थेट तिथे जातो, नाहीतर चाळीस पानं पहिल्या ओळीपासून ऐकत बसतो. लिंकला ‘येथे क्लिक करा’ म्हणू नका. मी लिंकची यादी काढतो तेव्हा ऐका काय येतं: ‘येथे क्लिक करा, येथे क्लिक करा, येथे क्लिक करा’. कुठे आणि कशाला? ‘अर्जाचा नमुना’ लिहा की सरळ. आणि सही लागतच असेल तर सहीची स्कॅन चढवा, पण शेजारी मूळ फाईलही चढवा. व्हिडिओ टाकलात तर खाली सबटायटल द्या, कर्णबधिर माणसाला साहेबांचे नुसते ओठ हलताना दिसतात.

जुन्या फाईलींचं काय, असं चहाच्या वेळी एका ताईंनी विचारलं. सगळ्या करायला बसलात तर एकही होणार नाही. लोक सगळ्यात जास्त उतरवतात त्या दहा फाईली काढा, अर्ज आणि पात्रतेच्या अटी, तिथून सुरू करा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांवर दिव्यांग मोजले गेले, त्यातला एखादा आत्ता तुमच्याच साईटवर पेन्शनचा अर्ज शोधत असेल.

चला, आता कुणाच्या ऑफिसची साईट उघडायची? हात वर करू नका, मला दिसत नाही. नाव सांगा तोंडाने.