प्लॅटिपसवर कुणाचाच विश्वास बसेना

नमस्कार मंडळी. विषय दिलाय जगातले विचित्र प्राणी, आणि या विषयावर मोठी यादी करून प्रत्येकाला दोन-दोन मिनिटं देता येतात, पण तशा यादीतून हाताला काही लागत नाही, "अरे बापरे" म्हणायचं आणि विसरून जायचं. म्हणून आज मुख्यतः एकच प्राणी घेऊ, ऑस्ट्रेलियाचा प्लॅटिपस, आणि वेळ उरला तर आपल्या सह्याद्रीतला एक.

तर 1798 साली ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स या ब्रिटिश वसाहतीचे गव्हर्नर जॉन हंटर यांनी याचं एक कातडं आणि चित्र इंग्लंडला पाठवलं. तिथे ब्रिटिश म्युझियमच्या जॉर्ज शॉ यांच्याकडे नमुना आला, त्यांनी 1799 मध्ये त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन छापलं, आणि त्या वर्णनातच लिहून टाकलं की ही बनवाबनवी तर नाही ना अशी शंका येते. येणारच हो! अंगावर दाट मऊ केस, शेपटी चपटी, पायांना पडदे, आणि तोंडाला चक्क चोच. त्या काळी माकडाचं धड आणि माशाची शेपटी एकत्र शिवून ती जलपरी म्हणून विकायचे लोक, त्यामुळे कुणीतरी बदकाची चोच चिकटवलीय असं वाटणं अगदी साहजिक होतं.

खरा वाद पुढे सुरू झाला. हा अंडी घालतो की पिल्लांना जन्म देतो? केस आहेत म्हणजे सस्तन, आणि सस्तन प्राणी अंडी घालत नाहीत, एवढं युरोपात पक्कं ठरलेलं. आता इथे मला राग येतो तो सांगतो. 1822 साली पॅट्रिक हिल नावाच्या डॉक्टरने लिहून ठेवलंय की कुकूगाँग नावाच्या आदिवासी प्रमुखाने त्याला स्पष्ट सांगितलं, हा प्राणी दोन अंडी घालतो, आमच्या लोकांना हे माहीत आहे. नदीकाठी पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसं सांगतायत, आणि ते कुणी पुरावा म्हणून धरायलाच तयार नाही! शेवटी 1884 मध्ये विल्यम कॉल्डवेल हा केंब्रिजचा तरुण क्वीन्सलँडमधल्या बर्नेट नदीवर गेला, तिथल्या आदिवासींच्याच मदतीने प्राणी शोधले, आणि एक अंडं नुकतंच घातलेलं अन्‌ दुसरं पोटात अशी मादी त्याला मिळाली. त्याने तार केली, ती कॅनडात माँट्रिअलला भरलेल्या शास्त्रज्ञांच्या सभेत वाचली गेली आणि मग सगळ्यांनी मान्य केलं. मधे 62 वर्षं गेली आणि नाव कॉल्डवेलचं झालं.

अंडी बहुतेक दोनच, मऊ सालीची, एकमेकांना चिकटलेली. मादी बिळात अंगाची गुंडाळी करून ती पोटाशी धरते, साधारण दहा दिवसांत पिल्लं बाहेर येतात. मग दूध. पण तिला स्तनाग्रंच नाहीत, दूध पोटाच्या कातडीतून पाझरतं आणि पिल्लं ते तिथूनच पितात, तीन-चार महिने.

आता चोच. ती बदकासारखी कडक नसते, मऊ, रबरासारखी कातडी असते तिला. प्लॅटिपस पाण्यात बुडी मारताना डोळे बंद, कान बंद, नाकपुड्याही बंद करतो, म्हणजे दिसत नाही, ऐकू येत नाही, वास नाही, आणि तरी रात्री गढूळ नदीच्या तळाशी बरोबर भक्ष्य पकडतो. कसं? कोळंबीने शेपटी हलवली की तिच्या स्नायूंतून अगदी बारीकशी वीज निर्माण होते, आणि ती ओळखणारे सुमारे 40,000 संवेदक या चोचीत असतात. चोच डावी-उजवीकडे फिरवत तो तळ चाचपत जातो. 1980 च्या दशकात शास्त्रज्ञांनी पाण्यात साधी दीड व्होल्टची बॅटरी ठेवून पाहिलं तर प्लॅटिपस तिच्याकडेच वळला! सस्तन प्राण्यांत इतकी सरस विद्युतसंवेदना दुसऱ्या कुणाकडे नाही, आणि तरी लोक याला मागासलेला, अर्धवट प्राणी म्हणतात, हे मला बिलकूल पटत नाही.

पकडलेलं भक्ष्य गालात साठवून वर यायचं आणि चावायचं, तेही दातांशिवाय, कारण मोठेपणी दात नसतात. जठरही नाही, अन्ननलिका थेट आतड्याला जोडलेली. आणि नराच्या मागच्या पायाला विषारी काटा असतो, तो माणसाला लागला तर दुखणं काही आठवडे टिकू शकतं आणि मॉर्फिननेही नीट थांबत नाही.

पण या प्राण्याचा जीव जातो कशात? झिंगे पकडायच्या बंद जाळीत. आत शिरला की वर येऊन श्वास घेता येत नाही, काही मिनिटांत बुडून मरतो, एकेका जाळीत अनेक सापडलेत. व्हिक्टोरिया राज्याने 2019 मध्ये या जाळ्यांवर बंदी घातली, न्यू साउथ वेल्सने 2021 मध्ये, आणि 2023 मध्ये सिडनीजवळच्या रॉयल नॅशनल पार्कात, जिथून तो साधारण पन्नास वर्षांपूर्वी नाहीसा झाला होता, तिथे पुन्हा प्लॅटिपस सोडले. फार आनंदाची गोष्ट आहे ही.

आता आपला प्राणी, देवगांडूळ. दिसतो गांडुळासारखा, अंगावर वळ्या, पण हा बेडकाचा नातेवाईक, उभयचर, जबडा आहे, दात आहेत. आंबोलीतून 2003 साली याची एक नवी जात नोंदवली गेली. याच्या काही जातींत मादी ओलसर मातीत अंड्यांभोवती वेटोळं घालून बसून राहते. आणि 2024 मध्ये ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की तिथली एक जात अंडी घालते आणि वर पिल्लांना दुधासारखा स्निग्ध द्रवही पाजते, म्हणजे प्लॅटिपसच्या जोडीला हाही आला! आपल्याकडे मात्र खणताना निघाला की सापाचं पिल्लू समजून ठेचतात. माणसाला याचा काहीही त्रास नाही. अंगावर सापासारखे खवले दिसत नाहीत, वळ्या आहेत, डोळे जवळजवळ दिसत नाहीत, एवढं बघा आणि परत ओल्या मातीत सोडा, उन्हात ठेवू नका, कातडी सुकली की मरतो तो. कोकणातल्या कुणी पाहिला असेल तर हात वर करा, मला कुठे आणि कधी दिसला ते ऐकायचंय.