गल्लीत रडणारा मुलगा

श्रोतेहो, नमस्कार.

‘रिंगा रिंगा रोझेस’ हे प्लेगचं गाणं आहे, असं तुम्ही कधी ना कधी ऐकलं असेल. सांगणारा अगदी खात्रीनं सांगतो. १६६५ साली लंडनमध्ये प्लेगची मोठी साथ आली. गुलाबांचं कडं म्हणजे रोग्याच्या अंगावरचे लाल चट्टे. खिशातली फुलं म्हणजे रोगट हवा बाधू नये म्हणून जवळ बाळगलेला सुवास. मग शिंक येते आणि शेवटी सगळे कोसळतात, म्हणजे मरतात. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो आणि तो लगेच दुसऱ्या कुणाला तरी हे सांगतो.

आता तारखा लावून पाहू. हे गाणं इंग्रजीत छापलेलं सापडतं ते १८८१ साली, केट ग्रीनअवे या चित्रकर्तीच्या पुस्तकात. साथ येऊन गेली त्याला तेव्हा दोनशे वर्षं उलटून गेली होती. बडबडगीतं छापली जाण्याआधी बराच काळ तोंडातोंडी फिरतात, हे मान्य. पण सॅम्युएल पीप्स त्या साथीच्या काळात लंडनमध्ये रोजनिशी लिहीत होता. दारांवर काढलेले लाल क्रूस, मृतांचे आकडे, ओस पडलेले रस्ते, सगळं त्यानं टिपलं. या गाण्याचा मात्र त्यात मागमूस नाही. प्लेगचं गाणं म्हणून त्याची ओळख सांगितली जाऊ लागली तीसुद्धा विसाव्या शतकाच्या मध्याला, दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास आणि त्यानंतर.

रोगाची लक्षणंही जुळत नाहीत. प्लेगमध्ये जांघेत, काखेत गाठी येतात, सडकून ताप भरतो. शिंका ही काही त्या रोगाची खूण नव्हे. आणि १८८१च्या त्या छापील गाण्यात शिंक नाहीच. तिथे मुलं ‘हश, हश, हश, हश’ म्हणतात आणि धडपडून खाली पडतात. याच गाण्याच्या दुसऱ्या काही जुन्या पाठांमध्ये, म्हणजे रूपांमध्ये, ती पडतही नाहीत, गुडघे वाकवून अभिवादन करतात. जर्मनीतही असाच हात धरून फेर धरायचा आणि शेवटी खाली बसायचं, असा खेळ आहे. बडबडगीतांचा आयुष्यभर अभ्यास करणाऱ्या आयोना आणि पीटर ओपी या दांपत्यानं हे सगळे पाठ शेजारी शेजारी ठेवले आणि प्लेगचा अर्थ बाजूला सारला. मला त्यांचं म्हणणं पटतं. फेर धरून गरगर फिरायचं आणि एकदम धपकन खाली बसायचं, यात मुलांना जो आनंद होतो त्याला साथीच्या रोगाची गरज नाही.

मग हे काळे अर्थ येतात कुठून? काहींचा तर माग काढता येतो. १८३४ साली जॉन बेलेंडेन कर नावाच्या इंग्रज गृहस्थांनी असा सिद्धान्त मांडला की इंग्रजी बडबडगीतं मुळात एका जुन्या, डचसारख्या भाषेत होती आणि त्यांत धर्मगुरूंवर टीका दडलेली होती. ती भाषा अशी कुठेच नव्हती, त्यांनीच ती जुळवली होती. पुढे १९३० साली कॅथरीन एल्विस थॉमस या अमेरिकन बाईंनी प्रत्येक गाण्यामागे एकेक राजा, राणी किंवा दरबारी उभा केला. आज सांगितल्या जाणाऱ्या बऱ्याच गोष्टींचा उगम त्यांच्या पुस्तकात आहे. ‘बा बा ब्लॅक शीप’मध्ये मध्ययुगातला लोकरीवरचा कर, हम्प्टी डम्प्टी म्हणजे तिसरा रिचर्ड राजा, हे तिथलंच.

हम्प्टीचं एक सांगतो. कोल्चेस्टर शहरात म्हणतात की १६४८च्या वेढ्यात भिंतीवरून कोसळलेल्या तोफेचं ते नाव होतं. १७९७ साली पहिल्यांदा छापलेलं ते गाणं मुळात कोडं होतं. म्हणून तर त्यात अंडं हा शब्द कुठेच नाही. पडल्यावर राजाच्या साऱ्या घोडेस्वारांनाही जोडता येत नाही अशी वस्तू कोणती, हे ऐकणाऱ्यानं ओळखायचं. पुढे चित्रांत सगळीकडे अंडंच दिसू लागलं आणि कोड्याचं उत्तर आधीच फुटलं. रिकामी पडलेली ती जागा मग तोफेनं आणि राजानं घेतली.

लंडन ब्रिजची गोष्ट जास्त गंभीर आहे. लोककथांच्या अभ्यासक अ‍ॅलिस गोम यांनी १८९०च्या दशकात असं सुचवलं की पूल टिकावा म्हणून पायात माणूस पुरण्याच्या प्रथेची ही आठवण असावी. दोन मुलं हातांची कमान करतात आणि खालून जाणाऱ्याला पकडतात, तो बळी. बांधकामात माणूस चिणल्याच्या कथा अनेक देशांत आहेत, त्यामुळे ही कल्पना वेडगळ म्हणता येत नाही. पण लंडनच्या पुलाच्या पायात असा कुणी पुरल्याचा पुरावा मिळालेला नाही. पूल पडायचा हे मात्र खरं. ११७६ ते १२०९ या काळात बांधलेल्या दगडी पुलाच्या पाच कमानी १२८२च्या हिवाळ्यात नदीतल्या बर्फानं पाडल्या. गाण्यातली कडवी नीट ऐका. लाकूड नि माती वाहून जाईल, विटा नि चुना टिकणार नाही, लोखंड वाकेल, सोनं-चांदी चोर नेतील, मग रात्रभर पहारेकरी बसवा. गवंड्यांच्या बैठकीत बसल्यासारखं वाटतं. पूल कसा उभा ठेवायचा, ही त्या शहराची शतकानुशतकांची खरी चिंता होती.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं उदाहरण घेतो. ‘गूसी गूसी गँडर’. घरात वर-खाली हिंडताना एक म्हातारा सापडतो. तो प्रार्थना म्हणत नाही, म्हणून त्याचा डावा पाय धरून त्याला जिन्यावरून फेकून देतात. याचा सांगितला जाणारा अर्थ असा की हा म्हातारा म्हणजे लपून बसलेला कॅथलिक पाद्री. तो इतिहास खोटा नाही. १५८५च्या कायद्यानं असा पाद्री इंग्लंडमध्ये सापडणं हाच राजद्रोह ठरला होता. श्रीमंत कॅथलिकांच्या घरांत भिंतींमागे, जिन्यांखाली लपण्याच्या जागा केलेल्या असत. त्या बांधणारा निकोलस ओवेन १६०६ साली लंडनच्या टॉवरमध्ये छळ सोसत मेला, पण त्यानं एकाही घराचं नाव सांगितलं नाही.

पण १७८४ सालचं छापील गाणं पाहिलं तर त्यात म्हातारा नाहीच. बाईसाहेबांच्या खोलीत मद्याचा पेला आणि आल्याचा तुकडा सापडतो, एवढंच. म्हाताऱ्याच्या ओळी नंतर जोडल्या गेल्या. ओपी दांपत्याच्या मते त्या एका वेगळ्याच गाण्यातून आल्या असाव्यात. इंग्लंडमधली शाळकरी मुलं लांब तंगड्यांची, डासासारखी दिसणारी एक माशी पकडून तिला जवळपास याच ओळी ऐकवत. प्रार्थना म्हणता येत नाही ना, मग डावा पाय धरून फेका. आणि हे म्हणता म्हणता काही जण तिचे पाय खरोखर तोडत.

श्रोतेहो, मला तरी या दोन अर्थांपैकी दुसराच जास्त काळा वाटतो. पहिल्यात दुष्टपणा राजाचा, कायद्याचा, चारशे वर्षांपूर्वीचा आहे. दुसऱ्यात तो एका मुलाच्या चिमटीत आहे. गाणी म्हणणाऱ्या मुलांना आपण निरागस धरून चालतो आणि म्हणून भीषण अर्थ बाहेरून आणावा लागतो. तो तर शब्दांत उघडा पडलेला आहे.

‘रॉक-अ-बाय बेबी’ घ्या. झाडाच्या शेंड्यावर पाळणा आहे, फांदी मोडते, आणि बाळासकट पाळणा खाली येतो. याच्यामागेही १६८८ सालचा राजपुत्र शोधला गेला. अठराव्या शतकातल्या एका संग्रहात तर खाली टीपच छापली होती की, फार उंच चढू पाहणाऱ्या गर्विष्ठांना हा इशारा आहे. त्या टीपकाराला पाळण्यात बाळ दिसलंच नाही. रात्रीचा तिसरा प्रहर, न झोपणारं मूल, हात भरून आलेली आई किंवा दाई. तिच्या मनातली भीती आणि तिचा राग, दोन्ही बोलून टाकायला जागा एकच होती. ज्याला शब्द कळत नाहीत त्याच्या कानाशी, गोड चालीत. बुटात राहणारी म्हातारी मुलांना पावाशिवाय नुसतं सूप देते, चोप देते आणि झोपवते. त्यात उलगडायचं काय आहे? घरात मुलं खूप आणि पाव नाही.

आणि ‘बा बा ब्लॅक शीप’. १७४४ सालच्या ‘टॉमी थम्ब्स प्रिटी साँग बुक’ या चिमुकल्या पुस्तकात तीन पोत्यांपैकी एक पोतं गल्लीतल्या मुलाला मिळतं. पण त्याच शतकाच्या उत्तरार्धातल्या दुसऱ्या एका संग्रहात शेवट बदलतो. गल्लीत रडणाऱ्या मुलाला काहीच मिळत नाही.

हे गाणं अमुक घटनेवर रचलं असं मी म्हणणार नाही. तसं म्हटलं तर मीही थॉमसबाईंच्याच वाटेनं जाईन. पण ते ज्या शहरात छापलं गेलं, तिथं त्या काळी काय चाललं होतं ते सांगतो. थॉमस कोरम नावाच्या निवृत्त जहाज कप्तानाला लंडनच्या रस्त्यांवर टाकून दिलेली मुलं दिसत, जिवंतही आणि मेलेलीही. सतरा वर्षं खटपट करून त्यानं १७३९ साली राजाची सनद मिळवली आणि १७४१ साली टाकून दिलेल्या मुलांना सांभाळणारं फाउंडलिंग हॉस्पिटल सुरू झालं. आणणाऱ्या बाया इतक्या की पुढे सोडत काढावी लागली. आईनं पिशवीत हात घालून चेंडू काढायचा. पांढरा आला तर प्रकृती तपासून मूल घेणार, लाल आला तर थांबायचं, काळा आला तर मूल घेऊन परत जायचं. मूल ठेवून घेतलं तर पुढे कधी ओळख पटावी म्हणून खूण ठेवायची. कापडाचा तुकडा, बटण, मोडकं नाणं. त्यांतल्या शेकडो खुणा आजही लंडनमध्ये जपलेल्या आहेत.

१७५६ साली संसदेनं पैसा दिला आणि अट घातली की येईल ते मूल घ्यायचं. चार वर्षांत जवळपास १५,००० मुलं आली. त्यांतली बहुसंख्य कामाला लावण्याच्या वयापर्यंत पोचलीच नाहीत. पैसा थांबला, दार पुन्हा अरुंद झालं.

ज्यांच्या ओठांवर ही गाणी होती त्या दाया, मोलकरणी, आया या जगातच राहत होत्या. त्यांना राजाला टोमणे मारायला सांकेतिक भाषा हवी होती असं मानण्यात मला त्यांच्यावर थोडा अन्यायच दिसतो. इंग्लंडच्या मेरी राणीनं धर्मापायी जाळलेल्या माणसांची आठवण ‘मेरी मेरी क्वाइट काँट्ररी’ या गाण्यातल्या फुलबागेत शोधायची, पण भाकरीवाचून झोपणारी मुलं समोर असून वाचायची नाहीत. असं का, तर राणीची गोष्ट भारदस्त वाटते.

१९५२ साली जेफ्री हँडली-टेलर या इंग्रज गृहस्थांनी दोनशे पारंपरिक बडबडगीतं तपासून जाहीर केलं की त्यांतली निम्मी मुलांच्या हातात देण्याजोगी नाहीत. खून, उपासमार, मारहाण, प्राण्यांचे हाल, यांची त्यांनी मोजदाद केली. ती गाणी काढून टाकावीत हे त्यांचं मत मला मान्य नाही. पण त्यांनी शब्द जसे आहेत तसे वाचले, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

मूल एखाद्या दिवशी विचारेल, पाळणा पडल्यावर बाळाचं काय झालं? तेव्हा राजाराणीची गोष्ट सांगून त्याला दुसरीकडे नेऊ नका. बाळाला लागलं असेल, आई धावत आली असेल, तिला फार भीती वाटली असेल, असं सांगा. आणि गल्लीतल्या मुलाला लोकर का नाही मिळाली, असं विचारलं तर त्यालाच विचारा, तुझ्याकडे तीन पोती असती तर तू कशी वाटली असतीस?

नमस्कार.