हरूदमधल्या तीन पहाटा

श्रोतेहो, नमस्कार.

छायाचित्रकाराने नभोवाणीवर बोलणे म्हणजे आचाऱ्याने दूरध्वनीवरून पंगत वाढण्यासारखे आहे, हे मला ठाऊक आहे. तरीही हे निमंत्रण मी आनंदाने स्वीकारले. आज जो प्रसंग सांगणार आहे, त्याचे दाखवण्याजोगे एकही छायाचित्र माझ्याजवळ नाही, त्यामुळे तो सांगायला आकाशवाणीखेरीज दुसरी योग्य जागा मला सुचली नाही.

विषय आहे काश्मीरमधल्या पानगळीचा. आपल्याकडे शरद ऋतू म्हटला की टिपूर चांदणे, निवळलेले पाणी आणि पिवळे पडू लागलेले गवत आठवते. झाडे मात्र त्या वेळी हिरवीच असतात आणि पाने टाकतात ती शिशिरात, माघ-फाल्गुनाच्या सुमारास. म्हणून इंग्रजी पुस्तकांतल्या ‘ऑटम’ला सरसकट ‘शरद’ म्हणून मोकळे होणारे भाषांतरकार मला पटत नाहीत. काश्मीरमध्ये मात्र आपल्या शरदाच्या आणि हेमंताच्या दिवसांतच झाडे पेटल्यासारखी दिसू लागतात, आणि त्या ऋतूला तिथली माणसे ‘हरूद’ म्हणतात. मीही आज तोच शब्द वापरणार आहे.

हरूदमध्ये पान रंग का बदलते, एवढेच थोडक्यात सांगतो. दिवस लहान होऊ लागले आणि रात्री गारठू लागल्या की झाड पानात नवे हरितद्रव्य तयार करणे थांबवते आणि असलेले मोडून त्यातले पोषण खोडाकडे ओढून घेते. पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो, हिरव्याखाली झाकलेला. तो उघडा पडतो इतकेच. लाल रंगाचे तसे नाही. तो बहुतेक झाडांत त्याच दिवसांत, पानात अडकून राहिलेल्या साखरेपासून नव्याने तयार होतो, आणि त्याला स्वच्छ ऊन व गोठणबिंदूच्या थोडी वर राहणारी गार रात्र मानवते. पुन्हा सांगतो: पिवळा उघडा पडतो, लाल नव्याने घडतो. म्हणूनच पॉप्लरचा पिवळा रंग दर वर्षी हमखास मिळतो आणि लालाई मात्र एखाद्या वर्षी डोळे दिपवते, तर एखाद्या वर्षी तपकिरीवरच थांबते.

छायाचित्रकाराने यातून इतकेच घ्यावे की पानाचा खरा रंग पानाच्या आत असतो, आणि तो दिसायला प्रकाश पानातून आरपार यावा लागतो. समोरून पडलेल्या उन्हात पानावरची चकाकी टिपली जाते. सूर्य पानाच्या मागे असेल तर रंग टिपला जातो. ढगाळ दिवशी चकाकी मारण्यासाठी ध्रुवक फिल्टर लावावा, मात्र तो एक ते दोन स्टॉप प्रकाश खातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा होणे) हे धरून चालावे. आणि एवढे करूनही ज्यांना पाने पुरेशी लाल वाटत नाहीत, म्हणून घरी संगणकावर बसून जे रंगाची पट्टी शेवटपर्यंत ओढतात, त्यांनी एकदा चिनाराचे गळलेले पान हातात घेऊन उन्हात धरावे, अशी माझी विनंती आहे. त्यात लालाइतकाच गंजाचा आणि मधाचाही रंग असतो.

आता हंगुलाकडे येतो. हंगुल म्हणजे काश्मीरचे बारशिंगे, लाल हरणांच्या कुळातले. आपल्या सांबराचे ते नातलग, पण याच्या शिंगांना फाटे अधिक. विसाव्या शतकाच्या आरंभी ही हरणे काही हजारांच्या संख्येने होती, असा अंदाज सांगितला जातो. २००४ च्या गणनेत ती १९७ भरली, २०२१ मध्ये २६१ आणि २०२३ मध्ये २८९. उरलेल्यांचे मुख्य घर श्रीनगरपासून साधारण २२ किलोमीटरवरचे दाचीगाम. दाचीगाम म्हणजे दहा गावे. हे रान राखीव करताना जी दहा गावे उठवली गेली, त्यांची आठवण नावात राहिली आहे. १९८१ पासून ते राष्ट्रीय उद्यान आहे, क्षेत्रफळ १४१ चौरस किलोमीटर.

सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरपर्यंत हंगुलाचे नर माजावर येतात आणि पहाटे-सायंकाळी डुरकतात. चिनार मात्र ऑक्टोबरच्या अखेरीस रंगू लागतो आणि नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत टिकतो. म्हणजे डुरकणारा नर आणि रंगलेला चिनार एकाच चौकटीत हवे असतील, तर हाती मोजके दिवस येतात. मला तेच हवे होते. मी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यातला तीन दिवसांचा परवाना काढला आणि सोबतीला एक वयस्क वनपहारेकरी मिळाले. सगळे त्यांना चाचा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो.

पहिल्या पहाटे आम्ही साडेपाचला फाटकातून आत शिरलो आणि ओढ्याकाठी, अक्रोडाच्या दोन बुंध्यांमध्ये फांद्या रचून केलेल्या लपणात बसलो. समोर गवताची एक मोकळी जागा, तिच्या पलीकडे पिवळसर झालेला एक मोठा चिनार. सूर्य डोंगराआडून उशिरा येणार होता आणि आला की नेमका त्या चिनाराच्या मागून येणार होता. जागा मीच निवडली होती, आणि तिचा मला थोडा अभिमानही होता. पण त्या दिवशी एकही नर डुरकला नाही. काही वानरे आली, त्यांनी पाला पाडला आणि निघून गेली.

दुसऱ्या पहाटे डुरकणी ऐकू आली. श्रोतेहो, ती मला काढून दाखवता येणार नाही. आरंभी विहिरीवरचा जुना रहाट कुरकुरावा तशी ती खालच्या पट्टीत निघते, मग चढत जाते आणि शेवटी दोन-तीन ठसक्यांत तुटते. आवाज वरच्या उतारावरून आला. मी लगेच कॅमेरा डोळ्याला लावला, तर चाचांनी माझ्या कोपराला हात लावून तो खाली करायला सांगितला. त्यांचे म्हणणे असे की नर दूर आहे, आणि डोळा भिंगात अडकला की कान बंद होतात. दिवसभरात नर आणखी चार वेळा डुरकला. प्रत्येक वेळी थोडा खालून. चाचा म्हणाले, “उद्या उतरेल.”

तिसरी पहाट परवान्याची शेवटची होती, आणि गारठा पहिल्या दोन दिवसांपेक्षा अधिक होता. गवतावर पांढरे दव पडले होते आणि माझे पाचशे मिलिमीटरचे भिंग तासभर उघड्यावर राहून हाताला चटका बसावा इतके गार झाले होते. थंडीने बॅटरी लवकर उतरते, ही गोष्ट मी कित्येक नवशिक्यांना सांगितलेली असल्यामुळे ती माझ्याच मनात घर करून बसली होती. चाचांच्या फेरनाच्या, म्हणजे काश्मिरी लांब, घोळदार अंगरख्याच्या, आत कांगडी होती, म्हणजे वेताच्या वेष्टनातले निखाऱ्यांचे मातीचे भांडे, आणि त्या निखाऱ्यांत चिनाराच्या गळलेल्या पानांचाच कोळसा होता. त्यांनी मलाही एक जुने फेरन दिले आणि कांगडी माझ्याकडे सरकवली. मी कॅमेरा भिंगासकट फेरनाच्या आत, पोटाशी घेतला. मला वाटले, आता बॅटरीची काळजी मिटली.

पंधरा-वीस मिनिटांनी नर डुरकला, आणि तो इतका जवळ होता की आवाज कानांआधी छातीत ऐकू आला. मी कॅमेरा बाहेर काढून डोळ्याला लावला. चौकटीत सगळे दुधासारखे पांढरे होते आणि त्या पांढऱ्यात एक तपकिरी सावली हलत होती. मनात म्हटले, काय धुके उतरले आहे! धुक्यात कॅमेरा फसतो, चित्र करडे काढतो, म्हणून प्रकाश एक स्टॉप वाढवावा, हेही मी इतरांना शिकवलेले; तेव्हा मी तो वाढवला आणि एकामागून एक त्रेचाळीस छायाचित्रे काढली. इतक्यात कानाशी चाचांचा हलका प्रश्न आला: “साहेब, धुके कुठे आहे?”

मी कॅमेऱ्यावरून मान उंचावून पाहिले. मोकळी जागा काचेसारखी स्वच्छ होती. सूर्य नुकताच चिनारामागे आला होता आणि पाने मी तीन दिवस मनात पाहत होतो अगदी तशी, आतून उजळली होती. त्यांच्यापुढे, पन्नासेक पावलांवर, हंगुलाचा नर उभा होता. मानेची आयाळ चिखलाने ओली, शिंगांत उपटलेल्या गवताची झुलती जुडी, तोंडातून निघणाऱ्या वाफेवर ऊन. धुके होते ते माझ्या भिंगावर. मी रुमालाने काच पुसली, ती अधिकच फरफटली. रुमाल खिशात कोंबेपर्यंत नर डुरकला, दहा-बारा पावले चालला आणि झाडीत शिरला. त्या दहा-बारा पावलांपुरताच मी त्याला पाहिला, तेही कॅमेऱ्यावाचून.

चाचांनी काही न बोलता आपली वही काढली आणि पेन्सिलीने नोंद केली. मी विचारल्यावर त्यांनी ती वाचून दाखवली: एकटा नर, डाव्या शिंगाचे वरचे टोक मोडलेले, ओढ्याकडून पश्चिमेला गेला. माझ्या त्रेचाळीस छायाचित्रांत मोडलेले टोक दिसत नाही; खरे म्हणजे शिंगेही नीट दिसत नाहीत.

आता यातले शास्त्र ध्यानात ठेवा, कारण पावसाळ्यात वातानुकूलित गाडीतून बाहेर पडणाऱ्या कोणाच्याही कॅमेऱ्याला ते लागू आहे. गार काच उबदार, दमट हवेत गेली की त्या हवेतली वाफ काचेवर दव होऊन बसते. फेरनाच्या आत निखाऱ्याची ऊब होती आणि माझ्याच अंगाची वाफ होती. पुन्हा सांगतो: गार काच उबेत नेऊ नये. बॅटरीची काळजी वाटत असेल, तर बॅटरी तेवढी काढून आतल्या खिशात ठेवावी. कॅमेऱ्याला गारठा सोसू द्यावा. आणि खोलीवर परतताना, दाराबाहेर असतानाच, कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधावे आणि तास-दीड तास पिशवी उघडू नये. दव धरायचे ते पिशवीच्या बाहेरून धरते. हे सगळे मला त्या दिवसाआधीही माहीत होते, आणि मी खोलीवर परतताना नेमाने पिशवी बांधतही असे. फेरनही एक खोलीच आहे, हे मात्र सुचले नाही.

नऊच्या सुमारास आम्ही फाटकाकडे निघालो, तोवर भिंग आपोआप, मध्यापासून कडेकडे, निवळत गेले होते. वाटेवर एक माणूस चिनाराची गळलेली पाने झाडूने ढिगात लोटत होता आणि खाली शहराच्या बाजूला अशाच ढिगांचा निळा धूर तरंगत होता. फाटकापाशी चाचांनी कांगडीतली राख उकरून निखारे वर आणले आणि ती माझ्यापुढे धरली. मी कॅमेरा कट्ट्यावर, उघड्यावर ठेवला आणि नुसते हात शेकले.