वसंतात मिशिगन सरोवरावर कोहोच्या मागे

श्रोतेहो, नमस्कार. एप्रिल उजाडला की शिकागो आणि आसपासच्या बंदरांतून सामन मासेमारीच्या चार्टर बोटी, म्हणजे कॅप्टनसकट भाड्याने मिळणाऱ्या बोटी, सुटू लागतात. मुलांना किंवा भारतातून आलेल्या आईबाबांना घेऊन अशी फेरी करायचा विचार असेल, तर काही गोष्टी आधीच ठाऊक असलेल्या बऱ्या.

मिशिगन सरोवर सर्वांत खोल जागी 281 मीटर आहे, पण वसंतात ही खोली विसरायची. या दिवसांतला मासा म्हणजे कोहो सामन. तो इथला मूळचा नव्हे. अलवाइफ नावाचे बारीक मासे बेसुमार वाढले होते, त्यांना खाण्यासाठी मिशिगन राज्याने 1966 साली त्याची पिल्लं सोडली. थंडी सरताना कोहो सरोवराच्या दक्षिण टोकाला, इंडियानातल्या मिशिगन सिटीपासून शिकागोपर्यंतच्या किनाऱ्याजवळ जमतो, कारण तिथलं उथळ पाणी सगळ्यात आधी तापतं. तापतं म्हणजे किती, तर पंचेचाळीस अंश फॅरनहाइटच्या आसपास! मे संपता संपता हेच थवे उत्तरेकडे सरकतात.

मासा वरच्या दहा-पंधरा फुटांतच असतो आणि डोक्यावरून बोट गेली की बिचकतो. म्हणून चालत्या बोटीमागे ओढायच्या गळाच्या दोऱ्या खाली न सोडता आडव्या पसरतात. त्यासाठी प्लेनर बोर्ड असतात. हे तिरकस कापलेले तरंगते तुकडे पाण्याच्या दाबाने बोटीपासून बाजूला सरकतात, आणि दोरी त्यांना चिमट्याने अडकवलेली असते. दोरीच्या टोकाला डॉजर, म्हणजे नारिंगी-लाल रंगाची पाचसहा इंची पत्री, आणि तिच्यामागे साधारण सोळा इंचांवर एक छोटी बनावट माशी, म्हणजे माशीसारखा सजवलेला गळ. डॉजर डावीउजवीकडे डोलतो आणि माशीला झटके देतो. या दोघांमधली दोरी चाळीस पौंड ताण सोसणारी, जाड आणि ताठ हवी. ती बारीक किंवा लांब झाली की झटका वाटेतच विरतो आणि माशी नुसती ओढली जाते.

वेग ताशी दोन ते अडीच मैल. त्याहून फार वाढला तर डॉजर डोलायचं सोडून गरगर फिरतो आणि दोरीला पीळ पडतो. कॅप्टन बोट नागमोडी नेतो, ते उगीच नाही. वळताना बाहेरच्या बाजूचे गळ वेगाने जातात, आतले मंदावून खाली बसतात. कोणत्या बाजूला मासा लागला, त्यावरून त्याला वेग वाढवायचा की कमी करायचा ते कळतं.

आता तुमचं काम. मासा लागला की बोर्ड मागे खेचला जातो आणि मेट, म्हणजे कॅप्टनचा मदतनीस, तुमच्या हातात रॉड देतो. टोक वर ठेवा आणि एकसारखं रीळ फिरवत राहा. रॉड वरखाली उपसू नका. प्रत्येक वेळी टोक खाली आणताना दोरी क्षणभर सैल पडते, आणि कोहो उडी मारून गोल फिरणारा मासा आहे, तेवढ्यात तो गळ झटकून टाकतो. बोर्ड जवळ आला की थांबा, मेट तो काढेल, मग पुन्हा सुरू. शेवटचे सहासात फूट दोरी बाहेर राहू द्या. डॉजर रॉडच्या टोकाला जाऊन अडकला तर मासा जाळ्यापर्यंत आणताच येत नाही.

तारीख ठरवताना कॅलेंडरपेक्षा वाऱ्याकडे बघा. शिकागोच्या बाजूला ईशान्येचा वारा मैलोनमैल उघड्या पाण्यावरून येतो आणि मोठ्या लाटा उठवतो. कॅप्टन फेरी रद्द करतो म्हणाला तर वाद घालू नका. पश्चिमेच्या वाऱ्यात किनाऱ्याजवळ पाणी शांत दिसतं, पण तोच वारा वरचं कोमट पाणी आत ढकलतो आणि खालचं गार पाणी वर येतं. मग मासे शोधायला लांब जावं लागतं. काठावर ऊन असलं तरी पाण्यावर कडाका असतो, तेव्हा लोकरीची टोपी आणि वारा अडवणारं जाकीट हवंच. बोट लागत असेल तर गोळी निघण्याआधी तासभर घ्या, उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. आणि डब्यात केळी नेऊ नका. बऱ्याच बोटींवर केळं अपशकुनी मानतात. हसू येईल, पण मेटच्या कपाळावर खरंच आठी पडते!

इलिनॉयमध्ये सोळा वर्षं आणि त्यावरच्यांना परवाना लागतो, वर सामनचा स्टँप, म्हणजे त्या माशासाठीची वेगळी परवानगीही. दोन्ही आधीच ऑनलाइन घेऊन ठेवा. नेहमीच्या चार्टर बोटीवर सहा प्रवासी चालतात. भाड्याच्या पंधरा-वीस टक्के बक्षिसी मेटसाठी बाजूला काढा, मासे साफ करून देणाराही बहुधा तोच असतो.

मासा मिळाल्याबरोबर कल्ले कापून रक्त काढायला सांगा आणि बर्फात ठेवा, नाहीतर मांस मऊ पडतं. या सरोवरातल्या माशांच्या चरबीत पीसीबी हे घातक रसायन साठतं, आणि ते शिजवून नाहीसं होत नाही. किती दिवसांनी किती खायचं, ते राज्याच्या सूचनेत बघा, गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी तर आवर्जून. कातडी, पोटाची चरबी आणि बाजूची काळपट पट्टी काढून टाका. तुकडे तळण्यापेक्षा जाळीवर भाजा, म्हणजे उरलेली चरबी गळून जाते. डोक्याचं कालवण मात्र या माशापुरतं सोडून द्या.