सहा जणांचं घर: नाशिकमध्ये ग्रुप होम उभारायचं तर सुरुवात कुठून?

नमस्कार. ज्यांच्या घरी तिशी-चाळिशीतला बौद्धिक दिव्यांग मुलगा किंवा मुलगी आहे आणि ‘आमच्यानंतर याचं कोण?’ हा प्रश्न ज्यांना झोपू देत नाही, त्यांच्यासाठी आजचा व्हिडिओ. विषय आहे ग्रुप होमचा, म्हणजे अशी काही माणसं कर्मचाऱ्यांच्या मदतीने जिथे एकत्र राहतात, त्या घराचा.

नाशिकमध्ये रजनीताई लिमये यांनी 1977 साली प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केलं. त्या काळात शाळेत जाऊ लागलेली मुलं आज पन्नाशीच्या पुढे आहेत, आणि त्यांचे आई-वडील ऐंशीच्या घरात. त्यामुळे चार पालक एकत्र येऊन ‘आपणच एक घर काढू’ म्हणतात, हे फार चांगलं आहे. पण पहिल्याच बैठकीत विषय निघतो जागेचा. गिरणाऱ्याकडे अर्धा एकर मिळतोय, दिंडोरी रोडला कुणाचा तरी प्लॉट पडून आहे.

आमचं आग्रहाचं म्हणणं आहे, जागा शेवटी बघा. आधी रात्रपाळीचा हिशोब मांडा. अशी घरं बंद पडतात ती बहुतेक वेळा माणसं न मिळाल्यामुळे आणि पैसे संपल्यामुळे.

[स्क्रीनवर: कागद आणि पेन. आकडे एकेक करून लिहिले जातात.]

सहा जणांचं घर धरू. सकाळी सात ते तीन दोन माणसं, तीन ते अकरा दोन, आणि रात्री अकरा ते सात एक जागं माणूस. ‘जागं’ या शब्दाखाली रेघ ओढा. दिवसाचे झाले 40 तास, वर्षाचे 14,600. एक माणूस आठवड्याला 48 तास काम करतो. वर्षाचे होतात 2,496. त्यातून सण, आजारपण, गावाला जाणं अशा 30 दिवसांचे 240 तास वजा करा. उरले 2,256. आता 14,600 ला 2,256 ने भागा. उत्तर येतं जवळपास साडेसहा.

म्हणजे सहा जणांना सांभाळायला साडेसहा माणसं. बैठकीत हा आकडा सांगितला की ‘दोन मावशी आणि एक दादा ठेवू, तिथेच राहतील’ असं कुणीतरी म्हणतं. तिथेच राहणारं माणूस चोवीस तास कामावर असतं. दोन-तीन महिन्यांत ते थकतं, चिडतं, आणि एखाद्या दिवशी हात उगारतं किंवा न सांगता निघून जातं. त्या माणसाचा स्वभाव वाईट नसतो, त्याची झोप झालेली नसते.

आता पगार. उदाहरणापुरते महिना 18,000 धरा. साडेसहा माणसांचे झाले 1,17,000. सहा घरांत वाटले तर प्रत्येकी 19,500. त्यात भाडं, किराणा, गॅस, वीज, धुणं, औषधं, दुरुस्ती आली की हिशोब माणशी 30,000 च्या आसपास जातो. तुमचे आकडे थोडे वेगळे येतील, पण मांडणी हीच ठेवा.

आणि इथेच एक सापळा आहे. ‘20 लाख एकदाच भरा, आयुष्यभराची काळजी आमची.’ 20 लाखांवर 7 टक्क्यांनी वर्षाला व्याज येतं 1,40,000. महिन्याला साधारण 11,700. खर्च 30,000. उरलेले 18,300 कुठून येणार? नव्याने येणाऱ्याच्या ठेवीतून. नवीन माणसं यायची थांबली की घर बसलं. व्याज आणि महागाई एकमेकांना खाऊन टाकतात असं धरलं, तर 30,000 महिन्याचा 30 वर्षांचा खर्च भागवायला आजच हाताशी 1 कोटी 8 लाख हवेत. एवढे कुणाकडे एकदम नसतात. म्हणून मासिक वर्गणी, दरवर्षी ठरलेली वाढ, आणि सहा महिन्यांच्या खर्चाएवढी गंगाजळी वेगळ्या खात्यात, असं तिहेरी ठेवा. एखाद्या कुटुंबाची वर्गणी थांबली तर किती महिने बाकीचे उचलणार, हे पहिल्याच वर्षी लेखी ठरवा. त्या वेळी सगळे एकमेकांचे स्नेही असतात, म्हणून बोलणं सोपं जातं.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. दिव्यांग व्यक्तींसाठी संस्था चालवायची तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 50 प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्र लागतं. त्याआधी संस्था स्वतः नोंदवलेली हवी. ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे, किंवा कंपनी कायद्याच्या कलम 8 खालची ना-नफा कंपनी. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाकडेही नोंदणी करा. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता आणि बहुविकलांगता या चार गटांसाठी तो आहे. मोठ्या वयाच्या दिव्यांगांच्या निवासासाठीची घरौंदा योजना त्याचीच, आणि एक लाखापर्यंतचा निरामय आरोग्य विमाही त्याचाच. मनोरुग्णांसाठीच्या घराला मात्र 2017 चा मानसिक आरोग्य कायदा लागतो, त्याची नोंदणी वेगळ्या प्राधिकरणाकडे होते. दोन्ही गट एकाच छताखाली ठेवू नका. गरजा वेगळ्या, औषधं वेगळी, डॉक्टर वेगळे.

पालकांकडून एक गोष्ट हमखास राहून जाते. मूल 18 वर्षांचं झालं की तुम्ही आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाही. राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून पालकत्व घ्यावं लागतं. ते तुम्ही हयात असतानाच करा, आणि तुमच्यानंतर कुणी अर्ज करायचा, याबद्दल त्या भावंडाशी किंवा भाच्याशी आजच स्पष्ट बोलून ठेवा. मृत्युपत्रात फ्लॅट थेट मुलाच्या नावावर ठेवू नका. त्याला तो विकताही येणार नाही आणि सांभाळताही येणार नाही. त्याच्यासाठी खासगी ट्रस्ट करून मिळकत त्यात ठेवता येते. यासाठी मात्र वकील गाठा.

आता जागा.

शेतावरचं घर डोळ्यांसमोर छान वाटतं. पण रात्री अकराला ड्युटीवर येणाऱ्या मावशींना तिथे सिटीलिंकची बस आहे का? एखाद्याला फिट आली आणि ती पाच मिनिटांत थांबली नाही, तर ती तातडीची वेळ असते. तिथून त्र्यंबक नाक्याजवळचं सिव्हिल हॉस्पिटल किंवा नाशिक रोडचं बिटको हॉस्पिटल किती लांब? द्राक्षबागांना लागून घर असेल तर फवारणीच्या दिवसांत खिडक्या बंद करून बसावं लागतं, आणि दमा असलेल्याचे हाल होतात. आमचा कौल शहरातल्या वस्तीला आहे. इंदिरानगर, पाथर्डी फाटा, सिडको, म्हसरूळ, जिथे कोपऱ्यावर किराणा दुकान आहे आणि आपल्या माणसांना रोज दहा चेहरे दिसतात. दिव्यांग हक्क कायद्यानेही समाजात राहण्याचा हक्क दिलेला आहे.

नदीकाठची जागा स्वस्त मिळाली तर महापालिकेकडून निळी आणि लाल पूररेषा, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं ते दाखवणाऱ्या नकाशावरच्या रेषा, तपासा. गोदावरीइतकंच नासर्डी आणि वाघाडी या छोट्या नद्यांकडेही बघा. गोदावरीच्या पात्रातला दुतोंड्या मारुती किती बुडाला यावरून नाशिककर पुराचा अंदाज घेतात, पण व्हीलचेअरवरच्या माणसाला बाहेर काढायला त्याच्या कितीतरी आधी निघावं लागतं. शिवाय 2027 मध्ये सिंहस्थ आहे. पर्वणीच्या दिवसांत पंचवटी-तपोवनकडचे रस्ते बंद असतात, पाळी बदलायला माणूस पोहोचत नाही. त्या काळाची औषधं आणि ड्युटीचं वेळापत्रक आधी लावून ठेवा.

घर तळमजल्याचं घ्या. तीन खोल्या, खोलीत दोघं, कर्मचाऱ्यांसाठी एक वेगळी खोली, आणि निदान दोन बाथरूम. दरवाज्याची मोकळी रुंदी 900 मिलिमीटर, व्हीलचेअर वळायला 1,500 मिलिमीटरचं मोकळं वर्तुळ. रॅम्पचा उतार एकास बारा. म्हणजे जोतं 45 सेंटिमीटर असेल तर रॅम्प 5.4 मीटर लांब, जवळजवळ 18 फूट. रो-हाऊसच्या अंगणात एवढी लांबी सहसा सरळ बसत नाही, वळण घ्यावं लागतं आणि वळणावर सपाट जागा सोडावी लागते. टोकन देण्याआधी टेप घेऊन जा.

[स्क्रीनवर: बाथरूमचा दरवाजा, जवळून.]

हा दरवाजा नीट बघा. नेहमीसारखा आत उघडणारा आहे. आत कुणाला फिट आली आणि तो दाराला टेकून पडला, तर बाहेरून कितीही ढकललं तरी दार उघडत नाही, कारण त्याचंच वजन आडवं येतं. म्हणून बाथरूमचा दरवाजा बाहेर उघडणारा, आणि कडी बाहेरूनही नाण्याने फिरवता येईल अशी. खर्च फार नाही, पण भाड्याच्या घरात मालकाची लेखी परवानगी आधी घ्या.

याच बाथरूममधली दुसरी गोष्ट म्हणजे गरम पाणी. नाशिकची थंडी कडक, आणि गच्चीवरचा सोलर उन्हाच्या दिवशी 60 अंशांच्याही वर पाणी तापवतो. ज्याला ‘भाजतंय’ असं पटकन सांगता येत नाही, त्याच्या अंगावर ते पाणी गेलं तर काय होईल? नळाला गरम-गार पाणी मिसळून ठरलेलं तापमान राखणारी मिश्रण-झडप बसवा, अंगावरचं पाणी 43 अंशांपुढे जाता कामा नये. आणि बादलीत आधी गार पाणी, मग गरम, हा नियम भिंतीवर लिहून ठेवा.

कुलूप हा नाजूक विषय. घराबाहेर निघून जाण्याची सवय असलेला एक जण असतो आणि मग रात्री मुख्य दाराला कुलूप लागतं. तामिळनाडूत एरवाडीला मनोरुग्णांच्या आश्रमात 6 ऑगस्ट 2001 रोजी आग लागली तेव्हा साखळीने बांधलेली 28 माणसं होरपळून गेली. कुलपाऐवजी दाराला घंटी किंवा अलार्म लावा, रात्रीच्या माणसाचं बसणं दाराच्या जवळ ठेवा, आणि फाटकाला कुलूप लावलंच तर किल्ली रात्रपाळीच्या माणसाच्या गळ्यात. झोपायच्या खोलीत सीसीटीव्ही नको. बाहेर आणि बैठकीच्या खोलीत पुरे. बायकांना आंघोळ-कपडे बाईच घालणार, यात सवलत नाही.

औषधांची वही. गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा, खाण्याच्या वाटीत आधी काढून ठेवू नका. माणसाचं नाव, वेळ, गोळी आणि ताकद वाचायची, द्यायची, गिळली की नाही बघायचं, आणि मगच सही. रात्री बसून दिवसभराच्या सह्या एकदम करणारा कर्मचारी असेल, तर वही असून नसल्यासारखी. फिटच्या गोळ्या एक दिवसही चुकता कामा नयेत, म्हणून पंधरा दिवसांचा साठा कायम हवा.

आणखी एक रकाना लोक टाळतात तो शौचाचा. बोलता न येणाऱ्या माणसाचं पोट तीन दिवस साफ झालं नाही तर तो चिडचिड करतो, डोकं आपटतो, आणि लोक म्हणतात ‘वर्तणूक बिघडली’. आधी पोट बघा, दात बघा, कान बघा. जेवताना ठसका लागणाऱ्याला कोरडी भाकरी आणि शेंगदाण्यांचे पोहे देऊ नका. कालवून, मऊ करून, सरळ बसवून द्या.

आता शेवटचा टप्पा, माणसं घरात नेण्याचा. एकदम सामान घेऊन जाऊ नका. पहिल्या महिन्यात फक्त दुपारचं जेवण, मग एक रात्र, मग शनिवार-रविवार, मग आठवडा. आई-वडील हयात आणि धडधाकट असतानाच हे सुरू करायचं. वडील गेल्याच्या दुसऱ्या दिवशी माणूस नव्या घरात गेला तर तो एकाच वेळी दोन गोष्टी गमावतो. सोबत प्रत्येकाची एक फाइल द्या. दिव्यांग प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र), आधार, चालू औषधं, ॲलर्जी, शेवटची फिट कधी आली, आणि दोन पानं सवयींची. चहा बशीतून पितो, उजव्या कुशीवर झोपतो, फटाक्यांना घाबरतो, ‘शी’ लागली की शर्ट ओढतो. ही दोन पानं आईनेच लिहावीत. वाचणाऱ्या मावशींचं शिक्षण सातवी-आठवीपर्यंत असू शकतं, म्हणून मोठं अक्षर, साधी वाक्यं.

करारात बाहेर पडण्याची अटही हवी. जमलं नाही तर किती दिवसांची सूचना, अनामत किती दिवसांत परत, आणि तोवर माणूस कुठे राहणार. ही अट नसेल तर सही करू नका.

साडेसहा माणसांच्या हिशोबाचा तक्ता खाली वर्णनात दिला आहे. पुढच्या बैठकीआधी त्यात तुमच्या भागातले पगार आणि भाडं भरून बघा.