एक थेंब, योग्य वेळी

श्रोतेहो, नमस्कार. निफाड-दिंडोरीकडचे द्राक्षबागाईतदार ‘जीए’चं द्रावण करताना किती जपतात, ते आपल्याला ठाऊक आहे. जिब्रेलिक ॲसिड हे वनस्पतीचं हार्मोन. फुलोऱ्याआधी दिलं तर घड लांबतो. मणी धरल्यावर त्यात घड बुडवला तर मणी फुगतो. पीपीएम, म्हणजे द्रावणातलं प्रमाण, चुकलं तर घडाची वाट लागते.

गर्भातलं हृदयही असंच योग्य वेळी, योग्य प्रमाणात मिळालेल्या रसायनांनी घडतं, आणि त्याचा मला दरवेळी अचंबा वाटतो. खुडूक कोंबडीखालचं चार दिवसांचं अंडं अंधारात टॉर्चवर धरून बघा. लाल शिरांचं कोळ्यासारखं जाळं दिसेल, आणि मधोमध लुकलुकणारा ठिपका. ॲरिस्टॉटलनेही उडणारा रक्तबिंदू म्हणून त्याची नोंद केली होती. माणसाच्या गर्भात ही धडधड साधारण 22 व्या दिवशी सुरू होते. पुष्कळदा आईला तोवर दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं.

या हृदयाला कप्पे कुठे करायचे, हे सांगणारा एक निरोप्या म्हणजे रेटिनॉइक ॲसिड. अ जीवनसत्त्वापासूनच ते तयार होतं. पेशीच्या केंद्रकात त्याचे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, डीएनएला बिलगून बसलेले असतात. निरोप पोचला की ठरावीक जनुकं जागी होतात. मागच्या टोकाच्या पेशींना तो भरपूर मिळतो, त्यांचे वरचे कप्पे होतात. पुढच्यांना कमी मिळतो, त्यांचे खालचे. निरोप कमी पडला तरी हृदय बिघडतं आणि जास्त झाला तरी.

दुसरा निरोप्या नॉरॲड्रिनलिन, एरवी मज्जातंतूंमधून स्रवणारं रसायन. त्याचे ग्राहक पेशीच्या बाहेरच्या पडद्यावर असतात. 1995 मध्ये शास्त्रज्ञांनी हे रसायन बनवूच न शकणारे उंदीर तयार केले; त्यांची बहुतेक पिल्लं गर्भातच दगावली. हृदयापर्यंत मज्जातंतू पोचण्याआधीच तिथल्या काही पेशी हे रसायन स्वतः बनवतात. मला तर हे फार मोठं वाटतं.

आता लेकी-सुनांसाठी कळकळीने सांगते. हट्टी मुरुमांवर देतात त्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या याच रेटिनॉइक ॲसिडच्या कुळातल्या. गरोदरपणात त्या घेतल्या तर बाळाच्या हृदयात आणि मेंदूत व्यंग येऊ शकतं. मैत्रिणीची उरलेली पाकिटं घेऊ नका. गोळ्या चालू असताना आणि बंद केल्यावर निदान महिनाभर दिवस जाऊ देऊ नका. आणि अ जीवनसत्त्वाच्या जादा डोसाच्या कॅप्सूल मनाने सुरू करू नका. गाजर, शेवग्याचा पाला मात्र बिनघोर खा. त्यातल्या कॅरोटीनचं अ जीवनसत्त्व शरीर आपल्या गरजेपुरतंच करून घेतं.